हवेचा आकडा शहराचा, श्वास मात्र आपला : मोबाईलवरून आपल्या वाट्याचं प्रदूषण मोजता येतं का?

इयत्ता : आठवी ते दहावी
विषय : विज्ञान, गणित, भूगोल (एकत्रित पाठ)
लागणारा वेळ : दोन तासिका आणि घरी एक दिवसाची नोंद
साहित्य : वही, घड्याळ, गावाचा किंवा वॉर्डाचा साधा नकाशा



हवेच्या प्रदूषणाचा धडा आपण सगळेच शिकवतो. कारणं, परिणाम, उपाय अशी तीन शीर्षकं, खाली मुद्दे, की धडा संपला. मुलं परीक्षेत नीट लिहितातही. पण एक प्रश्न त्या धड्यात सहसा येत नाही. तो म्हणजे, "यातलं माझ्या छातीत किती गेलं?" आजचा पाठ याच प्रश्नावर आहे.

सकाळी पेपरात किंवा ॲपवर आपण आपल्या शहराचा हवेचा आकडा बघतो. तो आकडा असतो एका ठिकाणी उभ्या असलेल्या मोजणी केंद्राचा. आपण मात्र दिवसभर एका जागी उभे नसतो. घर, रिक्षा, शाळा, मैदान, क्लास, बाजार, पुन्हा घर असा आपला दिवस जातो आणि प्रत्येक ठिकाणची हवा वेगळी असते. मग केंद्राचा आकडा आपला कसा होईल?

१) सगळ्या शहराला एकच आकडा

आधी थोडा इतिहास. १९९३ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचा 'सहा शहरांचा अभ्यास' प्रसिद्ध झाला. सहा शहरांतल्या आठ हजारांहून जास्त प्रौढांचा अनेक वर्षं मागोवा घेऊन संशोधकांनी दाखवलं, की जिथे हवेत बारीक कण जास्त, तिथे मृत्यूचं प्रमाण जास्त. प्रदूषणाचे कायदे कडक होण्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

पण त्यात प्रत्येक शहराला हवेचा एकच आकडा दिलेला होता. कारखान्याच्या फाटकावर काम करणारा आणि बागेशेजारी राहणारा, दोघांच्या नावापुढे तोच आकडा. पुढच्या अभ्यासांत सुधारणा झाली आणि माणसाच्या घराच्या पत्त्यावरची हवा धरली जाऊ लागली. तरी अडचण उरलीच, कारण माणूस पत्त्यावर चोवीस तास नसतो.

आता बारीक कण म्हणजे काय, तेही सांगून टाकू. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी व्यासाचे कण. आपल्या केसाची जाडी साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन असते. म्हणजे केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण सहज शेजारी शेजारी बसतील. इतके बारीक असल्यामुळे ते नाकात अडकत नाहीत, फुप्फुसात खोलवर जातात. भारतात यांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला ६० आणि वर्षाच्या सरासरीला ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सुचवलेली मर्यादा याहून खूप कमी आहे : दिवसाला १५, वर्षाला ५.

२) मूळ सूत्र : हवा गुणिले वेळ

वाट्याला येणारं प्रदूषण काढायचं सूत्र मुलांच्या ओळखीचंच आहे. प्रत्येक ठिकाणच्या हवेतलं कणांचं प्रमाण घ्या. तिथे घालवलेल्या तासांनी गुणा. सगळे गुणाकार मिळवा आणि २४ ने भागा. झाली दिवसाची सरासरी!

वारंवारता सारणीवरून मध्य काढणं मुलांनी केलेलं असतं. इथे वारंवारतेच्या जागी तास आले, बाकी रीत तीच. 'सर, हे सांख्यिकी कुठे वापरायचं?' असं विचारणाऱ्या मुलाला हे आवर्जून दाखवा.

म्हणजे आपल्याला दोन गोष्टी लागतात. एक, कुठल्या जागी किती वाजता हवा कशी होती. दोन, माणूस कुठल्या जागी किती वेळ होता. पहिली गोष्ट मोजणी केंद्रं आणि नकाशे सांगतात. दुसऱ्या गोष्टीसाठी पूर्वी लोकांना डायऱ्या भरायला द्यायचे. शंभर-दोनशे लोकांपर्यंत हे जमतं, पण लाखो लोकांकडून डायऱ्या कोण भरून घेणार? इथे मोबाईल कामाला आला.

३) फोनला कसं कळतं आपण कुठे आहोत?

मुलांना वाटतं, उपग्रह आपल्याकडे बघतो आणि फोनला सांगतो. तसं नाही. तीन मार्ग आहेत :

जीपीएस : उपग्रह सतत वेळेचे संदेश पाठवत असतात आणि फोन ते फक्त ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की कोणता संदेश यायला किती वेळ लागला यावरून फोन आपली जागा काढतो. मोकळ्या आभाळाखाली चूक काही मीटरचीच असते. उंच इमारतींच्या गल्लीत किंवा घरात ती वाढते.

वायफाय : आसपास कोणती वायफाय यंत्रं आहेत, त्यांच्या यादीवरून फोन अंदाज बांधतो. शहरात, घराच्या आत हे चांगलं चालतं.

टॉवर : फोन कोणत्या टॉवरला जोडलेला आहे, हे कंपनीला कळतं. शहरात टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे चूक काही शे मीटरची. खेड्यात टॉवर लांब लांब, त्यामुळे चूक काही किलोमीटरची होऊ शकते.

हा फरक आपल्या विषयात फार महत्त्वाचा आहे. हमरस्त्याच्या कडेची हवा आणि दोन गल्ल्या आतली हवा यांत मोठा फरक असू शकतो. टॉवरच्या माहितीवरून माणूस हमरस्त्यावर होता की आतल्या गल्लीत, हे सांगता येत नाही.

४) न्यूयॉर्क आणि बेल्जियम : प्रत्यक्ष काय केलं?

२०१६ साली एमआयटीच्या सेन्सेबल सिटी लॅबमधल्या संशोधकांनी न्यूयॉर्क शहराचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. शहराचे ७१ विभाग पाडले, मोबाईल जाळ्यातल्या निनावी माहितीवरून लोक दिवसभरात या विभागांतून कसे ये-जा करतात ते काढलं आणि त्याला पीएम २.५ च्या नकाशाची जोड दिली. मग दोन हिशेब मांडले. एका हिशेबात सगळे लोक दिवसभर घरीच आहेत असं धरलं, दुसऱ्यात ८५ लाख लोकांची खरी ये-जा धरली. ७१ पैकी ६८ विभागांत दोन हिशेबांची उत्तरं लक्षणीय वेगळी आली. लोक हलतात, एवढी एक गोष्ट विचारात घेतल्यावर नकाशा बदलला.

त्याच वर्षी बेल्जियममध्ये सुमारे ५० लाख मोबाईलधारकांच्या माहितीवरून नायट्रोजन डायऑक्साइडचा हिशेब झाला. हा वायू मुख्यतः वाहनांच्या धुरातून येतो. फक्त घराचा पत्ता धरून काढलेल्या आकड्यापेक्षा ये-जा धरून काढलेला आकडा कामाच्या दिवशी सुमारे ४ टक्क्यांनी जास्त आला. सुट्टीच्या दिवशी फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कारण मुलांना विचारा, ती लगेच सांगतात : कामाच्या दिवशी माणसं घर सोडून गर्दीच्या, वाहनांच्या भागात जातात.

कुणी म्हणेल, चार टक्के म्हणजे काहीच नाही. पण ही लाखो लोकांची सरासरी आहे. सरासरीत घरी बसलेलेही येतात आणि दिवसभर सिग्नलवर उभा राहणाराही येतो. सरासरी थोडी हलली, तरी एखाद्याचा आकडा कितीतरी हललेला असू शकतो. सरासरीखाली माणूस कसा झाकला जातो, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.

५) फोनला काय दिसत नाही?

आता पाठाचा खरा गाभा. फोन जागा सांगतो, पण त्या जागी काय चाललं आहे ते सांगत नाही. वरच्या दोन्ही अभ्यासांत बाहेरच्या हवेचे आकडे वापरले आहेत. माणूस घरात असला, तरी बाहेरचीच हवा धरली. आपल्याकडे इथेच मोठी गोम आहे.

तेलंगणात हैदराबादजवळच्या गावांमध्ये झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात ५० लोकांकडे जीपीएस, अंगावर बाळगायचा कण मोजणारा मापक आणि आपोआप फोटो काढणारा छोटा कॅमेरा दिला होता. म्हणजे माणूस 'कुठे' आहे याबरोबर तो 'काय करतोय' हेही कळत होतं. निष्कर्ष असा : वाट्याला आलेल्या एकूण कणांपैकी पुरुषांच्या बाबतीत ६७ टक्के आणि स्त्रियांच्या बाबतीत ८९ टक्के घरातच आले. स्त्रियांच्या आकड्याला सकाळी उंचवटे होते. कशाचे? स्वयंपाकाचे.

जीपीएसच्या नकाशावर या बाईचा दिवस म्हणजे एक स्थिर ठिपका. ती कुठे गेलीच नाही! ठिपका स्वयंपाकघरात धुरात होता की ओसरीवर मोकळ्या हवेत, हे ठिपक्यावरून कळत नाही.

दुसरी गोष्ट, फोन कोणाकडे असतो? बऱ्याच घरांत फोन बाबांबरोबर कामावर जातो. आजी, लहान मुलं आणि कधी कधी आईसुद्धा या माहितीत नसतेच. ज्यांना जपायला हवं, तेच हिशेबाबाहेर राहतात.

तिसरी गोष्ट, रात्री फोन जिथे असतो ते घर, असं साधारणपणे धरलं जातं. रात्रपाळीच्या वॉचमनचं घर मग कुठलं ठरेल? हा प्रश्न वर्गात टाकून बघा.

चौथी गोष्ट श्वासाची. धावताना आपण बसल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेतो. एकाच मैदानावर, एकाच तासात, कट्ट्यावर बसलेल्या आणि खो-खो खेळणाऱ्या मुलाच्या पोटी वेगळी मात्रा जाते. त्यात वजनाच्या मानाने मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात. म्हणजे 'हवा किती खराब' आणि 'आत किती गेली' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. याचा अर्थ खेळ बंद करा असा मुळीच नाही. वाहनांची गर्दी ओसरल्यावर खेळाची तासिका ठेवा, एवढाच आहे.

६) फोनला जरुरीपेक्षा जास्त काय दिसतं?

पालकांनी हा भाग नीट वाचावा, ही विनंती.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाईल नोंदी तपासल्या. नावं काढून टाकलेली होती. तरीही, एखादा माणूस कधी कुठे होता अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या, तर ९५ टक्के लोकांचा माग त्या गर्दीतून वेगळा काढता येतो असं दिसलं. आपला रोजचा रस्ता जवळजवळ आपल्या अंगठ्याच्या ठशासारखाच असतो. घर, शाळा, क्लास आणि आजीचं घर, झाल्या चार जागा!

म्हणून हा पाठ घेताना मुलांना 'फोनमधली लोकेशनची नोंद काढून आणा' असं सांगू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ती नोंद शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच मागू नये. मूल कोणत्या वेळी कुठल्या रस्त्यावर एकटं असतं, ही माहिती आपण उघड्यावर टाकत असतो. आपल्या देशाच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरलं आहे, पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांचा माग ठेवण्यावर मर्यादा घातल्या आहेत. कायदा बाजूला ठेवला, तरी साधा विचार करा. लाखो लोकांचा हिशेब करताना संशोधकांना फोन लागतो, कारण दुसरा उपाय नाही. आपल्या वर्गात चाळीस मुलं आहेत. आपल्याला वही पुरते. शिवाय फोनला न दिसणारा धूर वहीत लिहिता येतो.

७) वर्गातली कृती : चोवीस तासांची हवा-वही

पायरी १ : मुलांनी एका शाळेच्या दिवसाची नोंद करायची. कुठे होतो, किती वेळ, आसपास काय होतं (धूर, वाहनं, उदबत्ती, फोडणी, खडूची धूळ). पत्ता लिहायचा नाही, फक्त 'घर', 'रस्ता', 'वर्ग' असं लिहायचं.

पायरी २ : जवळच्या मोजणी केंद्राचा त्या दिवसाचा आकडा शिक्षकांनी काढायचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा 'सफर' उपक्रमही आहे.

इथे एक खबरदारी. ॲपवर मोठ्या अक्षरात दिसतो तो एक्यूआय, म्हणजे निर्देशांक. तो सूत्रात थेट घालायचा नाही, कारण ते कणांचं प्रमाण नव्हे. आपल्या पद्धतीत पीएम २.५ चे ६० मायक्रोग्रॅम म्हणजे निर्देशांक १००, पण ९० मायक्रोग्रॅम म्हणजे थेट २००. दीडपट कण, दुप्पट निर्देशांक! निर्देशांक १०० पर्यंत असेल आणि तो पीएम २.५ मुळे आलेला असेल, तर त्याला ०.६ ने गुणा, मायक्रोग्रॅम मिळतील. उदाहरणार्थ, ७५ चा निर्देशांक म्हणजे ४५ मायक्रोग्रॅम.

पायरी ३ : हिशेब. खालचं उदाहरण फळ्यावर मांडा. यातले आकडे रीत समजण्यासाठी मानलेले आहेत, मोजलेले नाहीत, हे मुलांना आधीच सांगा. मुलीचं नाव सई समजू. केंद्राचा आकडा ४५.

- घरी (झोप, जेवण, अभ्यास) : १३ तास × ४० = ५२०
- घरी, डासांची कॉइल पेटलेली असताना : १ तास × १५० = १५०
- रिक्षाने जाणं-येणं : १ तास × १२० = १२०
- वर्गात : ६ तास × ५० = ३००
- मैदानावर : १ तास × ६० = ६०
- रस्त्याकडेच्या क्लासमध्ये : २ तास × ७० = १४०

एकूण १२९०. भागिले २४, म्हणजे ५३.७५. केंद्र सांगतं ४५ आणि सईच्या वाट्याला येतात जवळजवळ ५४.

आता गंमत बघा. कॉइल आणि रिक्षा मिळून दिवसातले फक्त दोन तास, म्हणजे सुमारे ८ टक्के वेळ. पण त्या दोन तासांचे २७० म्हणजे एकूण बेरजेच्या २१ टक्के! मुलांना पुढचा प्रश्न द्या : कॉइलऐवजी मच्छरदाणी लावली आणि त्या तासाला ४० धरले, शिवाय रिक्षा आतल्या रस्त्याने नेली आणि तिथे ८० धरले, तर सरासरी किती? (बेरीज ११४०, सरासरी ४७.५.) एवढ्या दोन बदलांनी सहा मायक्रोग्रॅमहून जास्त फरक पडला.

पायरी ४ : उपकरण नसेल तर आपल्या गावच्या जागांना मुलांनी १ ते ५ गुण द्यावेत. दहा मिनिटांत किती वाहनं गेली, धूर दिसतो का, वास येतो का, यावरून. असे गुण फक्त तुलना करायला उपयोगी आहेत. त्यावरून सरकारी मर्यादेशी तुलना करता येणार नाही, हेही वहीत लिहून घ्या.

८) पालकांसाठी थोडं

कॉइलचं उदाहरण उगीच घेतलेलं नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळल्यावर निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचं आढळलं होतं. खिडक्या बंद करून कॉइल लावलेल्या खोलीत मूल झोपत असेल, तर शहराचा आकडा हिरवा असून काय उपयोग?

शाळा सुटताना फाटकासमोर गाड्या चालू ठेवून आपण उभे राहतो. त्या वेळी मुलांचं नाक आपल्यापेक्षा सायलेन्सरच्या जास्त जवळ असतं. गाडी बंद करायला पैसे लागत नाहीत. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवणं, शक्य तिथे मुलांना आतल्या रस्त्याने चालत पाठवणं, कचरा न जाळणं, हेही आपल्याच हातात आहे. मात्र कारखान्याचा धूर, डंपरची वाहतूक, पेटलेला कचरा डेपो या गोष्टी एका घराच्या हातात नसतात. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे किंवा महापालिकेकडे जावं लागतं. तेव्हा चाळीस मुलांच्या वह्यांतून निघालेला 'आमच्या मुलांचा सर्वात खराब तास अमुक रस्त्यावर जातो' हा निष्कर्ष अर्जासोबत जोडता येतो. नावं नाहीत, पत्ते नाहीत, तरी मुद्दा पक्का.

मुलाला दम्याचा त्रास असेल, तर ही वही डॉक्टरांनाही दाखवा. खोकला कोणत्या तासानंतर वाढतो, हे त्यात दिसू शकतं. वही म्हणजे निदान नव्हे, पण डॉक्टरांच्या प्रश्नांना नेमकं उत्तर देता येतं.

९) चर्चेसाठी आणि गृहपाठासाठी प्रश्न

१. एकाच घरातल्या आजी, आई, बाबा आणि तुम्ही, प्रत्येकाचा सर्वात खराब तास कोणता? सारखाच आहे का?
२. फोन घरी विसरून गेलेल्या माणसाचा दिवस फोनच्या नोंदीत कसा दिसेल?
३. तुमच्या गावात एकच मोजणी केंद्र बसवायचं आहे. कुठे बसवाल? कुणाची हवा त्यात येणार नाही?
४. संशोधकांना तुमच्या शहरातल्या लोकांच्या ये-जा करण्याची माहिती हवी आहे. कोणत्या अटींवर द्याल?

तिसऱ्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर नाही. मुलांना भांडू द्या. चौकात बसवावं, शाळेत बसवावं, वीटभट्टीजवळ बसवावं, असं प्रत्येक जण आपापल्या घराच्या बाजूने बोलेल. 'कुणाची हवा मोजली जाते आणि कुणाची राहून जाते' हे त्या भांडणातून मुलांना आपोआप कळतं. ते कळलं, की पेपरातला आकडा मुलं वेगळ्या नजरेने वाचतील.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात, तर मुलांनी शोधलेला 'सर्वात खराब तास' कोणता निघाला, ते जरूर कळवा.